दोन हजार जनावरांचे शेण पावसाळ्यात जाणार कुठे?

एका वाचक भगिनीचे पत्र, थोडक्यात:

"मी ठाण्यात नौपाड्याला राहते. आमचे मूळ गाव मुरबाड तालुक्यात आहे. सासऱ्यांची शेती अजून वाटण्या न झालेली, सामाईक आहे आणि धाकटे दीर ती पाहतात. गावाच्या वरच्या अंगाला जो माळ आहे, तिथे एक कंपनी दोन हजार दुभत्या जनावरांचा बंदिस्त गोठा उभारणार असून त्यासाठी लागणाऱ्या जमिनीत आमचेही काही एकर आहेत. भाऊजींनी ती जमीन भाडेपट्ट्याने देण्याचे तोंडी कबूल केले आहे. माळाच्या उताराला गावाची पिण्याच्या पाण्याची विहीर आहे आणि त्याखाली कातकरी वाडी. गावात दोन तट पडले आहेत. मी विषय काढला तेव्हा भाऊजी म्हणाले, 'ठाण्यात बसून पिशवीतले दूध पिणाऱ्यांनी आम्हाला शिकवू नये.' 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत हा विषय येणार आहे. मला विरोध करण्याचा हक्क आहे का? असल्यास घर न मोडता तो कसा करावा?"

ताई, सप्रेम नमस्कार.

भाऊजींचे वाक्य तुम्हाला लागले आहे, हे पत्रावरून कळते. त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे, पण त्यातून निघणारा अर्थ त्यांनी काढला त्याच्या उलट आहे. मुंबईतल्या म्हशींचे तबेले शहराबाहेर नेण्यासाठी 1949 साली गोरेगावला आरे दुग्ध वसाहत सुरू झाली. पुढे 1976 साली शहरी भागांत जनावरे पाळण्यावर नियंत्रण आणणारा कायदा राज्याने केला. आणि शहर जसजसे वाढत गेले तसतसे तबेले आणखी बाहेर, आणखी उत्तरेला सरकावे अशी मागणी होत राहिली. म्हणजे दूध शहरात यावे आणि शेण, मूत्र व धुण्याचे पाणी दुसऱ्याच्या दारात राहावे, ही व्यवस्था गेली पंचाहत्तर वर्षे चालत आलेली आहे. त्या दुधावर वाढलेल्या माणसाने गप्प बसावे, असे यातून कसे ठरते? उलट ज्यांच्या सोयीसाठी हा भार गावावर टाकला जात आहे, त्यांनी तर आधी विचारले पाहिजे की तो गावाला पेलेल का. शिवाय मुरबाडचे ओढे काळू आणि उल्हास या नद्यांच्या खोऱ्यातले आहेत, आणि ठाणे जिल्ह्यातील शहरे बऱ्याच अंशी उल्हास खोऱ्याच्याच पाण्यावर जगतात. तेव्हा तुमचा हक्क सातबाऱ्यावरच्या नावापुरता नाही.

मात्र विरोध कशाला, हे आधी स्वतःशी नीट ठरवा. दुधाला किंवा गोठ्याला विरोध करून तुम्ही गावात एक दिवसही उभ्या राहू शकणार नाही, आणि राहूही नये. आपल्याकडचे बहुतेक दूध अजूनही दोन-चार, फार तर दहा जनावरे असणाऱ्या घरांतून येते. त्या घरांत शेण ही अडचण नसते. ते उकिरड्यात कुजते आणि भाताच्या खाचरात जाते. अडचण सुरू होते ती जनावरे एका ठिकाणी दाटीने आणून ठेवल्यावर आणि त्यांच्यामागे तेवढे शेत नसल्यावर. तुमच्या सगळ्या म्हणण्याचा कणा हाच असू द्या: इतक्या जनावरांचे शेण घेईल एवढी जमीन या प्रकल्पाकडे आहे का, आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत ते शेण कुठे राहणार?

याचा हिशेब तुम्ही स्वतः मांडू शकता. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने गोठे आणि गोशाळा यांच्यासाठी 2020 साली मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि 2021 साली ती सुधारली. त्यांत सुमारे चारशे किलो वजनाचे एक जनावर दिवसाला 15 ते 20 किलो शेण आणि 15 ते 20 लिटर मूत्र टाकते, असे धरलेले आहे. दोन हजार मोठ्या जनावरांचे दिवसाला 30 ते 40 टन शेण झाले, आणि जवळपास तेवढेच मूत्र. कमीतला आकडा घेतला तरी वर्षाला शेण सुमारे 11 हजार टन होते. कुजून ते निम्मे राहते असे मानले, आणि हेक्टरी 10 टन शेणखत घातले, तर ते जिरवायला साडेपाचशे हेक्टर, म्हणजे साडेतेराशे एकरांच्या आसपास शेती लागेल. मूत्र आणि धुण्याचे पाणी यात धरलेलेच नाही. तुमच्या गावच्या शिवारात लागवडीची जमीन किती आहे, हे तलाठ्याकडे विचारा आणि हे दोन आकडे एकाखाली एक लिहून ठेवा.

खत विकले जाईल, असे कंपनी सांगेल, आणि ते अंशतः खरेही असेल. पण आपल्याकडे शेणखत शेतात पडते ते पावसाच्या आधी, उन्हाळ्यात. जूनपासून सप्टेंबरपर्यंत खाचरात पाणी असते, बैलगाडी किंवा ट्रॅक्टर शेतात उतरत नाही, कोणी खत उचलत नाही. जनावरे मात्र रोज शेण टाकतच असतात. त्या चार महिन्यांत साडेतीन हजार टनांहून अधिक शेण साचेल. मुरबाडच्या बाजूला वर्षाला दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे उघड्या टाकीवर किंवा शेणाच्या तळ्यावर दोन-अडीच मीटर उंचीचे पाणी नुसते आभाळातून पडणार. टाकी कितीही खोल खणली तरी तिच्यावर छप्पर नसेल आणि भोवतालचे पाणी वळवणारे चर नसतील, तर ती जुलैमध्ये भरून वाहील, आणि ती वाहील उताराकडे. तुमच्या पत्रातली विहीर आणि कातकरी वाडी उताराला आहेत. कंपनीच्या माहितीपत्रात दुसरे काही वाचले नाही तरी चालेल, पण टाकीची क्षमता किती दिवसांची आहे आणि तिच्यावर छप्पर आहे का, एवढे अवश्य पाहा.

बायोगॅसचा मुद्दा जवळजवळ नक्कीच पुढे येईल, कारण तो ऐकायला चांगला वाटतो. बायोगॅस चांगलाच आहे. त्याने वास कमी होतो, इंधन मिळते, आणि मिथेन हवेत जाण्याऐवजी वापरला जातो. परंतु जेवढे शेण आणि पाणी संयंत्रात जाते, जवळपास तेवढीच स्लरी, म्हणजे शेणाचा पातळ राडा, बाहेर पडते, आणि तिच्यातले नत्र व स्फुरद जसेच्या तसे असते. गॅस निघून गेला म्हणून खताचा आणि सांडपाण्याचा प्रश्न सुटत नाही. तेव्हा सभेत कोणी "बायोगॅस करणार आहोत" असे म्हणाले, तर "स्लरी पावसाळ्यात कुठे साठवणार आणि कोणत्या गटनंबरांत टाकणार?" हा पुढचा प्रश्न शांतपणे विचारा.

पाण्याची दुसरी बाजू म्हणजे लागणारे पाणी. पिणे, धुणे आणि उन्हाळ्यात जनावरे थंड ठेवणे मिळून एका जनावरामागे 100 ते 150 लिटर धरले, तर रोज दोन ते तीन लाख लिटर पाणी लागेल. जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण माणसामागे दिवसाला 55 लिटर धरतात. त्या मापाने हे साडेतीन ते साडेपाच हजार माणसांचे पाणी झाले. मुरबाड-शहापूरच्या वाड्यापाड्यांत एप्रिल-मे महिन्यांत टँकर येतात, हे भाऊजींना तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. काळ्या कातळाच्या या मुलखात भूजल भेगांतून आणि फटींतून चालते, त्यामुळे माळावर खोल बोअर मारल्या तर खालच्या विहिरीचे पाणी तुटू शकते, आणि त्याच फटींतून वरची घाणही खाली येऊ शकते. पाणी कोठून घेणार, याचे लेखी उत्तर मागा. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतांना राज्याच्या भूजल कायद्याचे संरक्षण आहे, आणि भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे जिल्हा कार्यालय या कामी तुम्हाला उपयोगी पडेल.

वास, माश्या आणि चाऱ्याच्या ट्रकची वर्दळ हे त्रास खरे आहेत, परंतु त्यांना शेवटी ठेवा. वासाची तक्रार पुढे केली की शहरी नाकाची थट्टा सुरू होते आणि पाण्याची गोष्ट मागे पडते. त्यापेक्षा एक अवघड प्रश्न विचारा, जो सहसा कोणी विचारत नाही: मेलेली जनावरे आणि नर वासरे यांचे काय करणार? दोन हजारांच्या कळपात जनावरे मरणारच. त्यांची विल्हेवाट कुठे लागेल? गायी असतील तर 2015 पासून राज्यात गोवंश हत्याबंदी आहे. मग दरवर्षी जन्मणारे गोऱ्हे कुठे जाणार? ते रस्त्यावर आणि शेजारच्या गावांच्या पिकांत सोडले जाणार असतील, तर ते ग्रामसभेला आज कळले पाहिजे. पावसाळ्यात जनावरांच्या मूत्रातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा धोकाही येथे बोलून दाखवण्यासारखा आहे, कारण चिखलात अनवाणी लावणी करणारी माणसे याच उताराला राहतात.

आता कायद्याचे. 2006 च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या अधिसूचनेत ज्या प्रकल्पांची यादी आहे, तिच्यात पशुपालन नाही. म्हणून खाणीला किंवा रासायनिक कारखान्याला होते तशी जनसुनावणी येथे आपोआप होणार नाही, आणि तिची वाट पाहत बसलात तर गोठा उभा राहील. खरे दार आहे ते महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीचे. 1974 च्या जल कायद्याखाली प्रकल्प उभारण्यापूर्वी स्थापनेची संमती आणि सुरू करण्यापूर्वी चालविण्याची संमती, अशा दोन संमती लागतात. तुमचे म्हणणे पहिल्या संमतीच्या आधी पोहोचले पाहिजे, कारण पैसा ओतून शेड उभी राहिल्यावर कोणतेही कार्यालय मागे फिरायला नाखूश असते. मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाकडे माहिती अधिकाराखाली अर्ज करून संमतीचा अर्ज, जागेचा नकाशा आणि सांडपाण्याची योजना यांच्या प्रती मागा; उत्तराची मुदत तीस दिवसांची असते, म्हणून 15 ऑगस्ट लक्षात घेता अर्ज याच आठवड्यात जाऊ द्या. केंद्रीय मंडळाच्या मार्गदर्शक तत्त्वांत वस्ती, शाळा आणि पाणवठे यांच्यापासून गोठा किती दूर असावा याचेही निकष आहेत; सुधारित प्रत समोर ठेवून ती अंतरे नकाशावर आणि प्रत्यक्ष जागेवर मोजून घ्या. संमती मिळालीच, तर अपिलाची मुदत जल कायद्याखाली तीस दिवसांची आहे, आणि राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे अर्ज करायला कारण घडल्यापासून सहा महिने असतात. न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागाचे पीठ पुण्यात आहे. या टप्प्यावर वकील लागेल. त्याच्या आधीचे सगळे तुम्ही आणि गावकरी मिळून करू शकता.

कागदाने काय होते, असे गावात कोणी म्हटले तर त्यांना त्यांच्याच तालुक्यातल्या काळू धरणाची आठवण द्या. वनजमिनीची परवानगी हाती नसताना तिथे काम सुरू झाले होते, आणि स्थानिक संघटना न्यायालयात गेल्यावर मुंबई उच्च न्यायालयाने 2012 साली ते थांबवले. मोर्चे तिथेही निघाले होते. पण काम थांबले ते एक परवानगी नव्हती, हे कागदोपत्री दाखवता आले म्हणून.

जमिनीचे कागदही पाहून घ्या. माळावरच्या प्रत्येक गटनंबराचा सातबारा आणि फेरफार काढा. त्यातली एखादी जमीन आदिवासी खातेदाराची असेल, तर जमीन महसूल संहितेच्या कलम 36 आणि 36अ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या आणि काही बाबतींत शासनाच्या पूर्वमंजुरीवाचून ती बिगर आदिवासीकडे भाडेपट्ट्यानेसुद्धा जाऊ शकत नाही. मुरबाड तालुक्यातील काही गावे अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे आदिवासींसाठी घोषित केलेल्या क्षेत्रात आहेत. तुमचे गाव त्यांत असेल तर पेसा या अशा क्षेत्रांतल्या ग्रामसभांसाठीच्या कायद्याखाली ग्रामसभेच्या शब्दाचे वजन वाढते. नसेल, तर ग्रामसभेच्या ठरावाने प्रकल्प थांबतोच असे नाही, हे गावकऱ्यांना आधीच प्रामाणिकपणे सांगा. तरीही ठराव हवा, आणि तो "आमचा विरोध आहे" एवढ्या एका ओळीचा नको. विहीर कोणती, ती प्रकल्पापासून किती अंतरावर आहे, तिच्यावर किती घरे अवलंबून आहेत, शेणाच्या साठवणीबद्दल कंपनीने कोणते उत्तर दिले किंवा दिले नाही, हे सारे त्यात लिहिलेले असावे आणि त्याची प्रत मंडळाला, तहसीलदारांना आणि जिल्हाधिकाऱ्यांना पोच घेऊन द्यावी.

एक काम मात्र ग्रामसभेसाठी थांबवू नका. गावची विहीर, वाडीचे लोक पाणी भरतात तो झरा आणि माळाखालची एखादी बोअर यांच्या पाण्याची तपासणी आत्ता करून घ्या, आणि पावसाळा संपल्यावर पुन्हा एकदा. नायट्रेट आणि जिवाणू या दोन तपासण्या तर हव्यातच. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची भारतीय मानकाची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. उद्या गोठा झाला आणि पाणी बिघडले, तर ते आधी चांगले होते हे सिद्ध करायला तुमच्याजवळ हाच एक कागद असेल. त्याचप्रमाणे जुलैमध्ये एखाद्या धो धो पावसाच्या दिवशी गावातल्या तरुणांना घेऊन माळावर जा, पाणी कोणत्या घळीतून उतरते आणि कोणत्या ओढ्याला मिळते याची तारखेसह छायाचित्रे घ्या. कार्यालयात बसून काढलेल्या नकाशावर ओढा दाखवलेला नसतो, असे अनेकदा घडते.

गावात ज्यांना हा प्रकल्प हवा आहे, त्यांना विकले गेलेले म्हणू नका, कोणी म्हटले तर त्याला थांबवा. भात परवडत नाही, पेंढ्याला आणि गवताला भाव नाही, मुलगा रोज पहाटे कल्याणला जाणारी गाडी पकडतो. अशा घराला दारात रोजगार येतो म्हटल्यावर आशा वाटणारच. त्यांच्यासाठीही प्रश्न विचारा: गावातली किती माणसे कायम नोकरीवर घेणार, कोणत्या कामावर, आणि ते करारात लिहून देणार का? चारा गावाकडून घेणार असतील तर कोणत्या दराने? आणि या विरोधात तबेल्यांत राबणाऱ्या परप्रांतीय कामगारांविषयी किंवा कोणाच्या जातीधर्माविषयी एक शब्दही येऊ देऊ नका. तसे झाले की पाण्याचा प्रश्न तिथेच संपतो आणि भांडण दुसऱ्याच कोणाच्या हातात जाते. वाडीवरच्या बायकांना सभेत बोलायला पुढे बसवा. सर्वांत आधी पाणी त्यांचे बिघडणार आहे, आणि सभेत त्यांना बहुधा कोणी विचारलेले नसते.

आता घरातले. जमीन सामाईक असल्यामुळे तुमच्या यजमानांच्या हिश्श्याचा करार भाऊजींना एकट्याने करता येत नाही. हे तुम्हाला माहीत असू द्या, परंतु बोलण्याची सुरुवात त्याने करू नका. इतकी वर्षे ती जमीन त्यांनी कसली आहे, तुम्ही सणासुदीला तांदूळ नेला आहे. कायद्याचे पहिले वाक्य ऐकताच त्यांना वाटेल की ठाण्याचे लोक हिस्सा मागायला आले. त्यापेक्षा यजमानांसह गावी जा आणि त्यांना विचारा की भाडे किती ठरले आहे आणि त्या पैशाची गरज कशासाठी आहे. कर्ज असेल, मुलीचे शिक्षण असेल, तर त्यातला काही भार दोघा भावांनी मिळून उचलायची तयारी तुम्ही दाखवली पाहिजे. ती नसेल तर त्यांना नकार द्यायला सांगणे न्यायाचे होणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यानंतर कराराचा मसुदा मागा. तोंडी कबुलीच्या पुढे गोष्ट गेलेली नाही, हे चांगले आहे. भाडेपट्टा किती वर्षांचा, मुदतीपूर्वी कंपनी निघून गेली तर शेड, टाक्या आणि साचलेली स्लरी कोण काढणार, जमीन पुन्हा लागवडीस योग्य करून देण्यासाठी अनामत किती ठेवणार, आणि शेजाऱ्याची विहीर बिघडली तर दावा कोणावर येणार, एवढे चार प्रश्न भाऊजींनी स्वतः कंपनीला विचारावेत आणि उत्तरे लेखी घ्यावीत, असा आग्रह धरा. हे प्रश्न शेतमालक म्हणून त्यांच्याच हिताचे आहेत, त्यामुळे ते विचारताना त्यांना तुमच्या बाजूला आल्यासारखे वाटणार नाही. उत्तरे येईपर्यंत सही करू नये, एवढे त्यांनी मान्य केले, तर ग्रामसभेपूर्वी तेवढे पुरेसे आहे. त्या सभेला मात्र यजमानांना पाठवून तुम्ही घरी थांबू नका. दोघेही जा, भाऊजींच्या शेजारी बसा, आणि पाण्याच्या तपासणीचा अहवाल आला असेल तर तो सभेत वाचण्याआधी त्यांच्या हातात द्या.